पृथ्वी थोडी लांब सरकवता येईल का? वाचकांचे वेडगळ उपाय आणि आमची गणितं

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की हवामान बदलावर जगभरची सरकारं नुसत्या बैठका घेतायत, तर आता वाचकांनीच उपाय पाठवावेत, कितीही वेडगळ चालतील, अट एवढीच की आम्ही त्याचं खरंखुरं गणित करणार आणि जे येईल ते छापणार. उपाय भरपूर आले. त्यातले थोडे इथे घेतोय. नावं मुद्दाम देत नाही कारण पाठवणाऱ्यांतले काही सरकारी नोकरीत आहेत आणि त्यांचेच उपाय सगळ्यात भारी आहेत.

प्रश्न: दादा, माझी आयडिया एकदम साधी. समुद्र तापतोय ना, मग त्यात बर्फ टाका. सगळ्या देशांनी मिळून रोज टाकायचा. एवढं सरकारला सुचू नये?

उत्तर: भाऊ, सुचलं असतं तर एव्हाना टेंडर निघालं असतं. चला, हिशोब करू. सूर्याकडून जेवढी ऊर्जा आपल्याकडे येते आणि जेवढी परत अवकाशात जाते त्यात सध्या फरक पडलाय, कारण आपण हवेत सोडलेले वायू परत जाणारी उष्णता अडवून धरतात, आणि हा फरक दर चौरस मीटरला साधारण १ वॅट इतकाच आहे. एक वॅट ऐकून कोणाला घाम फुटत नाही, मंत्र्यांना तर नाहीच नाही. पण पृथ्वीचं क्षेत्रफळ आहे ५१ कोटी चौरस किलोमीटर. गुणाकार केला की येतात ५० हजार कोटी किलोवॅट, म्हणजे सगळी माणसं मिळून वीज, गाड्या, कारखाने, विमानं असं सगळं धरून जेवढी ऊर्जा वापरतात त्याच्या साधारण २५ पट. आणि हे चोवीस तास, सुट्टी नाही. यातली ९० टक्के उष्णता समुद्रात जाते हे तुमचं बरोबर.

आता बर्फ. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. भागाकार करून उत्तर येतं दर सेकंदाला १५ लाख टन. खडा २० ग्रॅमचा धरला तर जगातल्या प्रत्येक माणसाने, तान्ह्या बाळासकट, दर सेकंदाला ९ खडे समुद्रात फेकत राहायचे, झोपायचं नाही, शिंकायचं पण नाही. बरं एवढा बर्फ आणायचा कुठून, तर ग्रीनलँड आहे, तिथे जगाच्या मानाने बरा साठा आहे, तो या वेगाने साठेक वर्षांत संपेल आणि सगळा समुद्रात गेल्यावर पातळी ७ मीटर वर येईल. म्हणजे समुद्र गार राहिला, फक्त किनाऱ्यावरची शहरं त्याच्या आत गेली. मग तुम्ही म्हणाल फ्रीजमध्येच बनवू. जरा फ्रीजच्या मागे हात लावून बघा. आतली उष्णता अधिक वापरलेली वीज, दोन्ही तिथून खोलीतच बाहेर पडतात, त्यामुळे जितका बर्फ बनवाल तितकी पृथ्वी जास्तच तापेल.

हा प्लॅन येडपट आहे हे आपल्याला दोन मिनिटांत कळलं कारण आपण गुणाकार केला. आता दुसरा प्लॅन ऐका. एकीकडे उत्सर्जन कमी करायच्या करारावर सही करायची आणि दुसरीकडे कोळसा, तेल, गॅस स्वस्त राहावा म्हणून पैसे ओतायचे. आयएमएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबाने २०२२ या एका वर्षात जगभरच्या सरकारांनी अशी थेट सबसिडी दिली १.३ लाख कोटी डॉलरची. प्रदूषणामुळे आणि तापमानवाढीमुळे होणारं नुकसान त्यात धरलं तर आकडा ७ लाख कोटी डॉलर. वरून बर्फ, खालून जाळ! तुमचा प्लॅन निदान एका दिशेने तरी जात होता.

प्रश्न: मी स्टॅटिस्टिक्स शिकते. मला एक भयानक शोध लागलाय. हवामान परिषदांची संख्या आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा ग्राफ काढला तर दोन्ही बरोबर वाढतात. शिवाय २०२० मध्ये परिषद झाली नाही आणि त्याच वर्षी उत्सर्जन घटलं. म्हणजे परिषदाच कार्बन वाढवतात, बरोबर ना?

उत्तर: ताई, तुझा ग्राफ बघून आम्ही खरंच हललो. १९९५ साली बर्लिनला संयुक्त राष्ट्रांची अशी पहिली हवामान परिषद झाली तेव्हा कार्बन डायऑक्साइड होता ३६० पीपीएमच्या आसपास, म्हणजे हवेच्या दहा लाख कणांत ३६०. २०२४ ला बाकूला २९वी झाली, तेव्हा ४२४ च्या वर. दर परिषदेमागे साधारण २.२ पीपीएम. २०२० ची परिषद कोविडमुळे वर्षभर पुढे गेली हे खरं, आणि त्या वर्षी उत्सर्जन ५ टक्क्यांच्या वर घटलं हेही खरं. एवढा देखणा पुरावा भल्याभल्यांना मिळत नाही.

पण तुझ्या सरांना दाखवू नकोस. समुद्री चाचे कमी होत गेले तसं पृथ्वीचं तापमान वाढत गेलं, असा एक ग्राफ २००५ पासून जगभर फिरतोय, तुझा त्याच जातीचा आहे. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एकीने दुसरी वाढवली असं होत नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ पीपीएम होतं आणि तेव्हापासून ते वाढतच होतं, परिषदांचा तेव्हा पत्ता नव्हता. शिवाय २०२० मध्ये उत्सर्जन घटलं तरी हवेतला साठा वाढलाच, टाकीचा नळ थोडा बारीक केला म्हणून टाकीतलं पाणी खाली जात नाही, फक्त जरा हळू भरते. सरकारं नेमकं इथेच लोकांना गंडवतात. "उत्सर्जनाची वाढ मंदावली" अशी बातमी येते, आपण टाळ्या वाजवतो, आणि टाकी भरतच असते.

आता एक गोष्ट परिषदांच्या बाजूने, नाहीतर आम्ही पण तसलेच. २०१५ ला पॅरिस करार झाला तेव्हा शतकाच्या अखेरीस ४ अंशांच्या जवळपास तापमानवाढ होईल अशी वाट दिसत होती, आता चालू धोरणांवर ती ३ च्या थोडी खाली दिसते. कराराचं वचन होतं २ च्या बरंच खाली आणि जमलं तर दीड, त्यामुळे नापासच, पण शून्य मार्क नाहीत. मात्र कोळशाचा उल्लेख अंतिम मसुद्यात यायला २६वी परिषद उजाडली आणि सगळ्या खनिज इंधनांपासून दूर जायचंय असं लिहायला २८वी, २०२३ ची, आणि तिचा अध्यक्ष होता एका राष्ट्रीय तेल कंपनीचा प्रमुख. हे आम्ही जोक म्हणून लिहिलं असतं तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

प्रश्न: काका, माझा प्रश्न असा की सूर्यामुळे गरम होतं ना, मग पृथ्वीच सूर्यापासून थोडी लांब सरकवली तर? (मी सातवीत आहे.)

उत्तर: बाळा, तू सातवीत आहेस म्हणून आधीच सांगतो, हा प्रश्न मोठ्या माणसांनीसुद्धा विचारलाय. २०२१ च्या जून महिन्यात अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीत लुई गोमर्ट नावाच्या सदस्याने विचारलं की चंद्राची किंवा पृथ्वीची कक्षा बदलता येईल का, त्याने हवामानावर मोठा परिणाम होईल. आणि विचारलं कोणाला, तर वनखात्याच्या बाईंना. त्या बिचाऱ्या म्हणाल्या यावर तुम्हाला नंतर कळवते. झाडं सांभाळणाऱ्या खात्याकडे ग्रह हलवायचं काम, याला म्हणतात खातेवाटप.

असो. तुझं गणित करू, मस्त गणित आहे. कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड होता २८० पीपीएम. तो दुप्पट झाला की पृथ्वीवर दर चौरस मीटरला जवळजवळ ३.७ वॅट जास्तीचा भार पडतो (आपण आत्ताच निम्मी वाट ओलांडलीय). पृथ्वी सूर्याची जी ऊर्जा शोषते ती आहे सरासरी २४० वॅट, म्हणजे आपल्याला ऊन दीड टक्का कमी करायचंय. ऊन अंतराच्या वर्गाप्रमाणे कमी होतं, म्हणून अंतर वाढवायचं पाऊण टक्का. पाऊण टक्का म्हणजे ११ ते १२ लाख किलोमीटर, चंद्र आपल्यापासून जितका लांब आहे त्याच्या तिप्पट. ऐकायला फार नाही वाटत. अवकाशाच्या मानाने आपण शेजारच्या खुर्चीत बसल्यासारखंच.

पण पृथ्वी ६ वर चोवीस शून्यं इतके किलो वजनाची आहे आणि सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने पळतेय. तिला तेवढं बाहेर ढकलायला जी ऊर्जा लागेल ती आत्ताच्या सगळ्या जगाच्या वर्षभराच्या वापराने भागली तर येतात ३,३०० कोटी वर्षं. विश्वाचं वयच १,३८० कोटी वर्षं आहे. म्हणजे बिग बँगच्या दिवशी टेंडर काढलं असतं आणि कंत्राटदाराने एक दिवसही खाडा केला नसता तरी काम निम्मंसुद्धा झालं नसतं.

दुसरा रस्ता आहे, तो खऱ्या शास्त्रज्ञांनी २००१ साली मांडला होता. त्यांचा प्रश्न वेगळा होता, सूर्यच हळूहळू प्रखर होतोय आणि अब्जभर वर्षांनी पृथ्वी भाजून निघणार, तेव्हा काय करायचं. त्यांचं म्हणणं, शंभरेक किलोमीटर रुंदीचा एक दगड पृथ्वीच्या जवळून असा न्यायचा की जाता जाता तो तिला किंचित बाहेर ओढेल, आणि असं दर सहा हजार वर्षांनी एकदा करत राहायचं. नेम चुकला तर जीवसृष्टी साफ. त्यांनी स्वतःच हा धोका लिहून ठेवलाय. सरकारी अहवालात हे कलम "किरकोळ अडचणी" खाली आलं असतं.

आता तुला एक गुपित सांगतो, ही योजना सरकारांना मनापासून का आवडेल. पृथ्वी लांब गेली की वर्ष मोठं होतं. पाऊण टक्का लांब गेलो तर वर्षाचे ४ दिवस आणि वर काही तास वाढतात. म्हणजे पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या सरकारला फुकटात तीन आठवडे जास्त खुर्ची! आणि २०५० पर्यंत अमुक करू, तमुक करू अशी जी वचनं दिलीयत ना, ती २५ वर्षांची मुदत धरली तर काहीही न करता साडेतीन महिने पुढे ढकलली जातात, पत्रक काढायचीही गरज नाही. मुदतवाढ द्यायला थेट ग्रह हलवायचा हा पहिलाच प्रस्ताव म्हणून तुझं नाव इतिहासात जाईल. गणितात ओळीने शून्यं मोजायला विसरू नकोस, आणि शिक्षकांना सांग की अंतराच्या वर्गाचा नियम तुला आता येतो.

प्रश्न: सरकारी निष्क्रियता मोजायला एकक काय?

उत्तर: अऱ्हेनियस. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८९६ मध्ये कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी ५-६ अंशांनी तापेल. आजच्या अंदाजापेक्षा हे जास्त आहे पण दिशा अचूक. जगातल्या सरकारांनी हवामान बदलाच्या पहिल्या करारावर सह्या केल्या १९९२ मध्ये. मधला काळ ९६ वर्षं, म्हणजे १ अऱ्हेनियस. रोजच्या कामाला हे फार मोठं पडतं, म्हणून मिलि-अऱ्हेनियस वापरा, ते ३५ दिवसांचं असतं, समितीला एकदा मुदतवाढ मिळाली की साधारण तीन मिलि-अऱ्हेनियस पकडा. (खरं तर कार्बन डायऑक्साइड उन्हात जास्त तापतो हा प्रयोग अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ मध्येच केला होता. त्यांच्यापासून मोजलं तर एकक आणखी ४० वर्षांनी मोठं होईल. पण बाईंचं काम दीडेकशे वर्षं कोणाच्या लक्षात नव्हतं, तो निष्क्रियतेचा वेगळाच विभाग.)

प्रश्न: साहेब, तुम्ही वाचकांकडून वेडगळ उपाय मागवता पण आमचे पुढारी फुकटात याहून भारी बोलतात. अशा वेळी विनोद करणाऱ्याने करायचं काय? मी स्वतः हास्यकविता करतो, माझा धंदा बसलाय.

उत्तर: कविराज, तुमचं दुःख आम्हाला कळतं. २०१५ च्या फेब्रुवारीत जेम्स इनहॉफ नावाचे सिनेटर अमेरिकेच्या सिनेटमध्ये बर्फाचा गोळा घेऊन आले आणि बाहेर थंडी आहे बघा म्हणून तो सभागृहात फेकला. हे गृहस्थ पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते. एका ठिकाणच्या एका दिवसाच्या थंडीवरून अख्ख्या पृथ्वीचं तापमान ठरवायचं. २०१५ हे तोवरचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, ते वेगळंच.

२०१८ मध्ये तिथल्याच प्रतिनिधीगृहाच्या विज्ञान समितीत मो ब्रुक्स नावाचे सदस्य म्हणाले की समुद्राची पातळी वाढते ती कदाचित दगडमाती पडून वाढत असेल, कडे कोसळतात, नद्या गाळ आणतात. अशा वेळी "हा मूर्खपणा आहे" असं ओरडून काही होत नाही, समोरचा म्हणतो तुमचं मत, आमचं मत. तुम्ही फक्त मान डोलवायची आणि म्हणायचं, हो ना, चला मोजू. समुद्राचं क्षेत्रफळ ३६ कोटी चौरस किलोमीटर, पातळी वर्षाला साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतेय, म्हणजे दरवर्षी साडेबाराशे घन किलोमीटर दगड पडला पाहिजे. याचा एक ठोकळा केला तर लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी जवळजवळ ११ किलोमीटर. एव्हरेस्ट ८.८ किलोमीटर आहे. असा एक ठोकळा दरवर्षी समुद्रात धबाककन पडतोय आणि कोणाला आवाज नाही! जगातल्या सगळ्या नद्या मिळून जो गाळ आणतात तो दहा घन किलोमीटरही भरत नाही. लोक हसतात, आणि हसता हसता त्यांच्या डोक्यात साडेतीन मिलिमीटर हा केवढा प्रकार आहे ते घुसतं, जे भाषण करून कधी घुसलं नसतं. मला विचाराल तर या विषयावरच्या विनोदाचं खरं काम एवढंच आहे. नेत्याच्या वाक्याला शिव्या द्यायच्या नाहीत, ते वाक्य खरं मानायचं आणि शेवटपर्यंत न्यायचं, ते आपोआप कोसळतं.

अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना राज्याची गोष्ट यावर कडी. २०१० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं की २१०० पर्यंत किनाऱ्यावर पाणी साधारण मीटरभर चढेल हे धरून नियोजन करा. किनाऱ्यावरची जमीन विकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. मग २०१२ मध्ये विधेयक आलं, ज्याच्या मूळ मसुद्यात होतं की समुद्रपातळीचा अंदाज फक्त जुन्या वेगाने सरळ रेषेत काढायचा, वेग वाढतोय असं धरायचं नाही. खूप टवाळी झाली, विनोदी कार्यक्रमांनी धू धू धुतलं, आणि शेवटी पास झाला तो बराच सौम्य कायदा, की २०१६ पर्यंत सरकारी खात्यांनी वाढत्या वेगाचा आकडा वापरायचा नाही. म्हणजे टवाळीने कायदा थांबला नाही, पण वाकला. १८९७ मध्ये तिथल्याच इंडियाना राज्याच्या प्रतिनिधीगृहाने वर्तुळाच्या गणितातल्या पायची (π, साधारण ३.१४) किंमत बदलणारं विधेयक एकमताने पास केलं होतं, त्याच्या हिशोबाने पाय ३.२ पण निघत होता. तिथे योगायोगाने एक गणिताचे प्राध्यापक आले होते म्हणून सिनेटमध्ये ते बारगळलं. तेव्हा कविराज, धंदा बंद करू नका. फक्त कवितेत आकडे घाला.

प्रश्न: नेते तासन् तास भाषणं करतात त्यातूनच केवढा कार्बन डायऑक्साइड सुटत असेल. त्यांना गप्प बसवलं तर तापमान उतरेल का?

उत्तर: इच्छा चांगली, विज्ञान कच्चं. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडतो, सगळ्या जगाचा मिळून वर्षाला ३०० कोटी टन होतो. आकडा मोठाय पण तो आपण खाल्लेल्या अन्नातला, अन्न वनस्पतींचं, वनस्पतींनी तो हवेतूनच घेतलेला, म्हणजे फिरून तिथेच. कोळसा-तेल जाळून जे वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सुटतात ते मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेले होते, ते चक्रात नव्हतेच. त्यामुळे नेत्यांचं बोलणं तांत्रिकदृष्ट्या आधीपासूनच नेट झिरो आहे. भाषणाला जायला जे खासगी विमान लागतं त्याचं तसं नाही.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवते. माफ करा पण मला हा सगळा प्रकार पटत नाही. मुलं मला विचारतात की आम्ही मोठे होईपर्यंत काय उरेल, आणि तुम्ही खिदळताय. माणसं उष्माघाताने मरतायत. हसण्यावारी नेऊन सरकारांना मोकळं सोडताय असं नाही वाटत?

उत्तर: बाई, तुमचं पत्र आल्यावर इथे दोन दिवस वाद चालला, आणि तुमच्या म्हणण्यातलं अर्धं आम्हाला मान्य आहे. मेलेल्या माणसांवर विनोद होत नाही, करूही नये. पाण्यात घर गेलेल्यावर, पीक जळालेल्यावर नाही. विनोद वरच्या दिशेने जायला हवा, ज्याच्या हातात पेन आहे आणि सही करत नाही त्याच्यावर. आमच्याकडे "सगळेच मरणार, मग एसी लावा आणि मजा करा" छापाचेही बरेच जोक आलेत, ते आम्ही टाकून दिले, कारण ते ऐकून माणूस नुसता खांदे उडवतो, आणि काही न करणाऱ्या सरकारला तसाच नागरिक हवा असतो.

पण हसणं म्हणजे सोडून देणं हे नाही पटत. मालदीवचं बघा. समुद्रसपाटीपासून सरासरी दीडेक मीटर उंचीचा देश. त्यांचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी १७ ऑक्टोबर २००९ ला मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली, मंत्री पाठीवर हवेची टाकी लावून समुद्राच्या तळाशी टेबलाभोवती, बोलता येत नाही म्हणून हातवारे, आणि तिथेच कार्बन कमी करा या आवाहनावर सह्या. जगभर लोक हसले, आणि जगातल्या निम्म्या लोकांना मालदीव कुठे आहे ते त्या दिवशी कळलं असेल. २०२१ मध्ये तुवालू या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी हवामान परिषदेसाठी भाषण रेकॉर्ड केलं ते गुडघाभर समुद्रात उभं राहून, वर कोट-टाय, पुढे पोडियम, पँट वर दुमडलेली. ज्यांचं घर बुडतंय तेच हा विनोद करतायत, त्यांना तरी आपण गंभीर व्हा म्हणून सांगू शकत नाही. आइसलँडमध्ये ओक नावाची हिमनदी २०१४ मध्ये मृत ठरवली, कारण स्वतःच्या वजनाने सरकण्याइतका बर्फ तिच्यात उरला नव्हता, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून गेले आणि तिला श्रद्धांजलीची पाटी बसवून आले. पाटीवर पुढच्या पिढीला लिहिलंय की काय होतंय आणि काय करायला हवं ते आम्हाला माहीत आहे, आम्ही ते केलं की नाही हे तुम्हालाच कळेल. खाली ४१५ पीपीएम. मला ते वाचून हसू नाही आलं, पण हिमनदीची मयत करायची ही कल्पना सुरू होते विनोदाच्याच घरातून.

मुलांना काय सांगायचं म्हणता, तर ओझोनची गोष्ट सांगा. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनला भोक पडल्याचा शोधनिबंध आला आणि १९८७ मध्ये ओझोन खाणारी रसायनं आटोक्यात आणायचा मॉन्ट्रियलचा करार झाला, दोन वर्षांत! पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मानला, ती रसायनं जवळजवळ बंद झाली आणि २०६० च्या दशकात ते भोक १९८० च्या पातळीवर येईल असा अंदाज आहे. आमच्या एककात ०.०२ अऱ्हेनियस. कंपन्या कमी होत्या, पर्यायी रसायनं हाताशी होती, तेलाइतका पैसा त्यात नव्हता, हे सगळं खरं. पण सरकारांना येत नाही असं नाही, हे त्यावरून दिसतं. आणि पर्याय तर आता इथेही आहेत, २०१० ते २०१९ मध्ये सोलर विजेचा खर्च ८५ टक्क्यांनी उतरला. म्हणून तर चिडून विनोद करावासा वाटतो, जे अशक्यच आहे त्यावर कोण कशाला करेल.

प्रश्न: सर, मी एक जोक केलाय, चालेल का बघा: "आर्क्टिक समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला की समुद्र वर येईल, पाणी सचिवालयात शिरेल आणि टेबलावर पडून असलेली हवामानाची फाइल एकदाची पुढे सरकेल." मी सरकारी खात्यात कारकून आहे, नाव छापू नका.

उत्तर: मित्रा, जोक फक्कड आहे पण विज्ञानात भोक आहे, आणि तेवढ्यावरून कोणीतरी तुझी वाट लावेल. तरंगणारा बर्फ आधीच आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून बसलेला असतो, आर्किमिडीज, त्यामुळे तो वितळून समुद्र जवळजवळ वाढत नाही. (त्याचं नुकसान वेगळं आहे, पांढरा बर्फ गेला की काळं पाणी जास्त ऊन पितं.) समुद्र वाढतो तो जमिनीवरचा बर्फ वितळून आणि पाणी तापून फुगल्यामुळे. म्हणून आर्क्टिक काढ आणि ग्रीनलँड घाल. ग्रीनलँड वर्षाला साधारण २७ हजार कोटी टन बर्फ गमावतं, त्याने समुद्र पाऊण मिलिमीटर चढतो.

आता फाइलचं बघू. सचिवालयाची फरशी बरोबर समुद्रसपाटीला आहे असं धरू आणि टेबल ७५ सेंटीमीटर उंच. एकट्या ग्रीनलँडच्या भरवशावर फाइल भिजायला लागतील १,००० वर्षं, म्हणजे १० अऱ्हेनियसच्या वर. इतर हिमनद्या, अंटार्क्टिका आणि फुगणारं पाणी असं सगळं मिळून साडेतीन मिलिमीटर धरलं तर २१४ वर्षं. "आत्ताच्या वेगाने" हे शब्द घालायला विसरू नको, वेग वाढतोय. सुधारलेला जोक असा: "तज्ज्ञांनी आशा व्यक्त केली आहे की आत्ताच्या वेगाने हवामानाची फाइल २१४ वर्षांत स्वतःहून पुढे सरकेल, तोवर खात्याने घाई करू नये." आणि पुढच्या वेळी तुमच्या टेबलाची खरी उंची मोजून पाठव, ७५ आम्ही अंदाजाने धरलीय.